लाकडापासून इथेनॉल : नेमकं अडतं कुठे?

भुसा_भरपूर (धागाकर्ता)

मळीपासून, मक्यापासून इथेनॉल काढतात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. कोरड्या लाकडात वजनाच्या ४० ते ५० टक्के सेल्युलोज असतो, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच लांबच लांब साखळ्या. वर हेमिसेल्युलोज आहे, त्यातही साखराच. म्हणजे कागदावर पाहिलं तर आरागिरणीतला भुशाचा ढीग हा निम्म्याहून जास्त साखरेचाच ढीग. तरीही दर काही वर्षांनी ‘आता लाकडापासून इंधन’ अशी बातमी झळकते, फीत कापली जाते आणि मग तो कारखाना गुपचूप बंद होतो. असं का? जाहिरातबाजी नको, ज्यांनी या कामात हात घातलाय त्यांनी लिहा. माझं रसायनशास्त्र बारावीपर्यंतचं आहे, त्या बेताने घ्या.

जुनी_भट्टी

धागा आवडला, पण हे काम नवं अजिबात नाही. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने चिंध्या आणि लाकूड सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून त्यातून साखर काढली ती १८१९ मध्ये. म्हणजे लाकडातून साखर निघते हे कळून दोनशे वर्षं उलटली. १८९८ मध्ये जर्मनीत विरळ अ‍ॅसिड वापरून धंदा म्हणून पहिला प्रयत्न झाला. तेव्हा १०० किलो लाकडामागे जेमतेम साडेसात लिटर अल्कोहोल मिळालं.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या जॉर्जटाउनला आणि लुइझियानातल्या फुलरटनला आरागिरण्यांच्या भुशावर कारखाने चालले. युद्ध संपलं, लाकूडधंदा बसला, दोन्ही बंद. मग १९३०च्या दशकात जर्मनीत शोलर पद्धत आली. तिच्यात लाकडाने भरलेल्या उंच टाकीत गरम विरळ अ‍ॅसिड पुन्हापुन्हा झिरपवत आणि साखर तयार होईल तशी लगेच बाहेर काढत. बर्गियस या जर्मन रसायनतज्ज्ञाने संहत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ऑरेगॉनमधल्या स्प्रिंगफील्डला असाच कारखाना बांधायला घेतला. सोव्हिएत संघाने तर लाकडाचे हायड्रोलिसिस (म्हणजे पाणी जोडून साखळी फोडण्याचे) कारखाने युद्धानंतरही कित्येक दशकं चालवले.

युद्ध आलं, तेल मिळेनासं झालं की सगळ्यांना लाकूड आठवतं. टँकर पुन्हा धावू लागले की विसर पडतो.

हिशेबी

आधी आकडे मांडू, नाहीतर चर्चा हवेत जाईल.

पूर्ण कोरडं १ टन लाकूड धरा, त्यात सेल्युलोज ४५० किलो. साखळी तुटताना प्रत्येक दुव्याला पाण्याचा एक रेणू चिकटतो, १६२चे १८० होतात, म्हणून ग्लुकोज ५०० किलो. यीस्ट १८० ग्रॅम ग्लुकोजमधून फार तर ९२ ग्रॅम अल्कोहोल देतं, बाकी ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. म्हणजे साधारण २५५ किलो अल्कोहोल, ०.७८९ घनतेने सुमारे ३२४ लिटर. हेमिसेल्युलोज २०० किलो असेल आणि तोही पूर्ण वापरला तर आणखी १४७ लिटर. एकूण ४७० लिटरच्या आसपास. ही निसर्गाने घातलेली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात २५० ते ३०० लिटर पडले तर कारखाना उत्तम चाललाय म्हणायचं.

आता ऊर्जा बघा. १ टन कोरड्या लाकडात साधारण १९-२० गिगाज्यूल. ३०० लिटर इथेनॉलमध्ये ६.३ गिगाज्यूलच्या आसपास, कारण इथेनॉलच्या लिटरमध्ये २१ मेगाज्यूल असतात (पेट्रोलमध्ये ३२). म्हणजे द्रव इंधनात एक तृतीयांशच उतरतं. तुम्हाला उष्णताच हवी असेल तर लाकूड सरळ बॉयलरमध्ये घाला, इथेनॉलच्या भानगडीत पडू नका. टाकीत ओतता येणारं इंधन हवं असेल तरच हा खटाटोप.

आणि ‘टन’ म्हटलं की कोरडा की ओला ते आधी विचारा. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आगाऊ_प्रश्न

मग प्रेशर कुकर, थोडं अ‍ॅसिड, थोडं यीस्ट... शनिवार-रविवारचं काम दिसतंय. कुणी करून बघितलंय? 😀

वाफेचा_कोंडमारा

आगाऊराव, हसून सोडून देता येईल असं नाही, म्हणून सरळ लिहितो. करू नका. सेल्युलोज विरळ अ‍ॅसिडने फोडायला १८० ते २२० अंश लागतात. २०० अंशाला वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या पंधरापट असतो, कुकरची शिट्टी दुपटीच्या आसपासच उडते. त्यात अ‍ॅसिड घातलं की साधं स्टीलही खातं. शिवाय परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. आणि कुणी भुसा बंद डब्यात हवेशिवाय तापवून निघालेलं पाणी ‘अल्कोहोल’ समजेल, तर त्यात मिथेनॉल असतं. त्याने डोळे जातात, जीवही जातो.

आता मूळ प्रश्न. धागाकर्ते म्हणतात साखरेचा ढीग. ढीग आहे खरा, पण झाडाने तो साखर म्हणून ठेवलेलाच नाही, खांब म्हणून उभा केलाय. सेल्युलोजच्या साखळ्या शेजारी शेजारी इतक्या घट्ट बसलेल्या असतात की पाण्यालाही आत शिरायला जागा नाही. भोवती हेमिसेल्युलोजचं वेष्टण आणि सगळ्याच्या फटींतून लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा डिंकासारखा पदार्थ, मुरलेलं. रुंदपानी झाडांत लिग्निन १८ ते २५ टक्के, सूचिपर्णी झाडांत २५ ते ३३. नुसत्या भुशावर एन्झाइम ओतून आठवडाभर ढवळत बसलात तरी बहुतेक सेल्युलोज जसाच्या तसा राहतो. म्हणून आधी लाकूड ‘उघडावं’ लागतं. खर्चाचं आणि डोकेदुखीचं पहिलं मोठं ठाणं तेच.

सर्वात जास्त वापरली जाणारी रीत वाफेची. ढलप्या एका जाड भांड्यात १९० ते २२० अंशांच्या वाफेत काही मिनिटं ठेवायच्या आणि झडप एकदम उघडायची. दाब गेला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ढलपी आतून फाटते. ही युक्तीही जुनीच, १९२०च्या दशकात विल्यम मेसनने हार्डबोर्डसाठी वापरलेली. बाहेर पडतो तो गडद तपकिरी, ओला, तंतुमय लगदा. हातमोज्यात घेऊन चोळला तर ढलपीचा आकारही सापडत नाही. डोळ्यांना झोंबणारा व्हिनेगरचा वास येतो, कारण हेमिसेल्युलोजला चिकटलेले असिटिल गट सुटून असिटिक अ‍ॅसिड झालेलं असतं. बहुतेक वेळा हेच अ‍ॅसिड पुढचं काम करतं, वेगळं घालावं लागत नाही. सूचिपर्णी लाकूड मात्र एवढ्याने बधत नाही, त्याला सल्फर डायऑक्साइड पाजावा लागतो.

खरी कसरत पुढे आहे. तापमान थोडं कमी पडलं तर तंतू बंदच राहतात. थोडं जास्त झालं, किंवा दोन मिनिटं जास्त गेली, तर सुटलेल्या साखरा जळायला लागतात. हेमिसेल्युलोजमधल्या झायलोज या साखरेपासून फरफ्युरल होतं, ग्लुकोजपासून हायड्रॉक्सिमिथिल-फरफ्युरल. त्यात दुहेरी तोटा आहे. साखर गेली ती गेलीच, वर ही दोन्ही यीस्टला विषारी. हेमिसेल्युलोज लवकर सुटतो आणि लवकर जळतो, सेल्युलोज उशिरा सुटतो. एकाच भांड्यात दोघांचं भलं होत नाही, त्यामुळे काही जण दोन टप्प्यांत, वेगवेगळ्या तापमानाला काम करतात. त्यात साखर वाचते, पण यंत्रं दुप्पट आणि पाणी जास्त.

आणि लिग्निन? ते वाफेत मऊ होऊन वितळतं, तंतूंतून बाहेर येतं आणि गार होताना बारीक थेंबांच्या रूपात पुन्हा त्याच तंतूंवर जाऊन बसतं. मग एन्झाइम सेल्युलोजऐवजी त्यालाच चिकटून वाया जातात.

आगाऊ_प्रश्न

कुकर परत ओट्यावर ठेवला. लिग्निनचं म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं झालं.

बुरशीप्रेमी

एन्झाइमचा विषय निघालाच आहे तर माझा लाडका भाग सांगते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे बघता बघता कुजत होते. सॉलोमन बेटांवरच्या अशाच कुजक्या कापडातून एक हिरवी बुरशी वेगळी केली गेली. सैन्याला ती थांबवायची होती. अमेरिकेतल्या नेटिक इथल्या सैन्याच्या प्रयोगशाळेत एल्विन रीझ आणि मेरी मँडल्स यांनी मात्र ती सेल्युलोज कसा खाते त्याचाच पाठपुरावा केला. आज जगातले बहुतेक सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज फोडणारे एन्झाइम, याच बुरशीच्या वंशातून येतात. नाव ट्रायकोडर्मा रीझी, रीझ यांच्यावरून.

ती एकच एन्झाइम सोडत नाही, टोळी सोडते. एक गट साखळीला मध्येच चिरा पाडतो, दुसरा त्या चिरेच्या टोकापासून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे सोलत जातो, तिसरा त्या जोडीचे दोन करतो. गंमत म्हणजे जोडी साठली की दुसरा गट मंदावतो आणि ग्लुकोज साठलं की तिसरा. स्वतःचाच माल स्वतःच्या वाटेत येतो. म्हणून १९७०च्या दशकात यीस्टही त्याच टाकीत घालायची कल्पना पुढे आली, की ग्लुकोज सुटताक्षणी त्याचं अल्कोहोल व्हावं. पण एन्झाइमना ५० अंश लागतात आणि यीस्ट ३२ ते ३५ला खूश. मधला आकडा धरला की दोघंही कुरकुरतात.

त्यात २०१० मध्ये कळलं की या टोळीत आणखी एक मेंबर आहे. तो तांब्याचा अणू घेऊन येतो आणि स्फटिकासारख्या घट्ट भागावर ऑक्सिडेशनने वार करतो. त्याच्यामुळे कमी एन्झाइममध्ये जास्त साखर निघू लागली. पण त्याला चालायला ऑक्सिजन किंवा पेरॉक्साइड लागतं, आणि अल्कोहोल करायचं तर यीस्टला हवा द्यायची नाही! म्हणजे एका टाकीत सगळं उरकायच्या मनसुब्याला पुन्हा खोडा. बरेच जण आता आधी काही काळ नुसते एन्झाइम चालवतात आणि मग यीस्ट सोडतात.

भुसा_भरपूर

मस्त चाललंय. बुरशीताई, एक शंका. साखर निघाली की पुढचं तर सोपं ना? आंबवायचं आणि गाळायचं.

बुरशीप्रेमी

ग्लुकोजपुरतं सोपं. पण रुंदपानी लाकडाच्या हेमिसेल्युलोजमधून मुख्यतः झायलोज निघतो, पाच कार्बनांची साखर, आणि आपलं नेहमीचं यीस्ट तिला तोंड लावत नाही. सूचिपर्णी लाकडात मॅनोज जास्त, तो यीस्ट आनंदाने खातं. म्हणजे जे लाकूड उघडायला सोपं त्याची साखर आंबवायला अवघड, आणि जे उघडायला अवघड त्याची साखर सोपी. निसर्गाने मुद्दाम केल्यासारखं!

झायलोज खाणारं यीस्ट तयार करायला दुसऱ्या जीवांची जनुकं उसनी आणतात. एक मार्ग लाकूड पोखरणाऱ्या किड्यांच्या पोटात राहणाऱ्या यीस्टकडून येतो. त्यात एन्झाइमना मदतीला लागणाऱ्या सहघटकांचा ताळमेळ बिघडतो आणि अल्कोहोलऐवजी झायलिटॉल साठत जातं. दुसरा मार्ग पायरोमायसिस नावाच्या बुरशीच्या एका एन्झाइमचा, तिथे तो घोळ होत नाही. ही बुरशी मिळाली हत्तीच्या लिदीतून. खोटं वाटेल, पण खरं आहे.

आगाऊ_प्रश्न

तंबूची बुरशी, किड्याच्या पोटातलं यीस्ट, हत्तीची लीद. यापेक्षा तेलविहीर खणणं सभ्यपणाचं.

वाफेचा_कोंडमारा

‘गाळायचं’ यावर दोन शब्द. मला विचाराल तर प्रयोगशाळेत जमलेलं कारखान्यात न जमण्याचं सर्वात मोठं कारण जीवशास्त्रात नाहीच, ते घट्टपणात आहे.

आंबवलेल्या द्रवात अल्कोहोल वजनाने ४ टक्क्यांच्या खाली असेल तर गाळायला लागणारी वाफ परवडत नाही. ४ टक्के अल्कोहोल म्हणजे ८ टक्के साखर. ८ टक्के साखर म्हणजे सुरुवातीला लगद्यात १५ ते २० टक्के घन पदार्थ. २० टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण तो लगदा सगळं पाणी स्वतःत शोषून बसतो. टाकीत मोकळं पाणी दिसतच नाही. पातं फिरवलं तर ते स्वतःभोवती एक पोकळी कोरून तिच्यातच फिरत राहतं, कडेचा माल जागचा हलत नाही. पंप ओढत नाही. एन्झाइम एका कोपऱ्यात आणि लगदा दुसऱ्या. नीट मिसळलं गेलं तर काही तासांत लगदा ढासळून पातळ होतो आणि मग कुठलाही पंप चालतो. पण ते पहिले काही तास काढायला खास आडवे मिक्सर लागतात. प्रयोगशाळेतल्या चंबूत ५ टक्क्यांवर काढलेला सुंदर आलेख इथे काही कामाचा नाही.

त्याच्याही आधीची कटकट म्हणजे पंधरापट दाबाच्या भांड्यात कोरड्या ढलप्या सतत ढकलायच्या कशा? स्क्रू फीडर ढलप्या दाबून त्यांचंच बूच करतो आणि वाफ मागे येऊ देत नाही. सोबत माती, वाळू, एखादा खडा आला की स्क्रू झिजतो, बूच सैल होतं आणि वाफ उलटी फिरते. मी ज्या ठिकाणी काम केलं (नाव नको) तिथे रिअ‍ॅक्टर बंद असायचा तो बहुतेक वेळा फीडरमुळे. एन्झाइमवाले बिचारे वाट बघत बसायचे.

अलीकडचे मोठे प्रकल्प आठवा. कॅन्ससमधल्या ह्यूगोटनला अबेंगोआचा कारखाना २०१४ मध्ये सुरू झाला, कंपनीच दिवाळ्यात निघाली. आयोवातल्या नेवाडाला ड्यूपाँटचा २०१५ मध्ये, २०१७ला थांबवला. रोमानियातल्या पोडारीला क्लॅरियंटचा २०२२ मध्ये चालू झाला, २०२३च्या अखेरीस बंद करायचं ठरलं. प्रत्येकाची कारणं वेगळी, पैशाची आणि धोरणाचीही. पण हे सगळे मक्याच्या ताटांवर आणि गव्हाच्या काडावर चालणारे होते, जे लाकडापेक्षा उघडायला सोपं. त्यावरून लाकडाचं काय ते समजा.

रानपाखरू

सगळं वाचतेय. पण कुणी झाडांबद्दल बोलत नाहीये. भुसा ‘फुकट पडलेला’ असतो हे कुणी सांगितलं? त्याचे पार्टिकल बोर्ड होतात, पेलेट होतात, आरागिरणी स्वतःच्या वाळवणीच्या भट्टीत तोच जाळते. उद्या इथेनॉलवाला दारात उभा राहिला की भाव वाढणार आणि मग नजर जंगलाकडे वळणार. फांद्या-पाला उचलून नेला तर मातीचं खत गेलं. पानांत आणि सालीत पोषणद्रव्यं खोडापेक्षा कितीतरी जास्त असतात.

हिशेबी

रानपाखरू, भावाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. लाकूड हलकं आणि पसरलेलं, जितक्या लांबून आणाल तितका वाहतुकीचा बोजा. कारखाना मोठा केला की यंत्रांचा खर्च लिटरमागे कमी होतो पण माल आणायचा खर्च वाढतो. धान्याच्या कारखान्याला हा पेच इतका छळत नाही.

सालीचं मात्र उलट आहे. इथेनॉलवाल्यालाही साल नकोच असते. तिच्यात साखर कमी, राळ आणि टॅनिन जास्त, शिवाय सगळी माती तिलाच चिकटलेली. ती रानातच राहिली तर दोघांचंही भलं.

पडीक जमिनीवर पॉप्लर, विलो अशी झटपट वाढणारी झाडं लावून काही वर्षांनी कापायची हा एक मार्ग सांगितला जातो. जमीन खरंच पडीक असेल तर ठीक.

जुनी_भट्टी

वाफेबुवांनी बंद पडलेल्यांची यादी दिली, मी एक चालू असलेला सांगतो. नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गला बोरेगार्ड १९३८ पासून स्प्रूसच्या लाकडापासून इथेनॉल काढतंय. कसं? ते इथेनॉलसाठी लाकूड उघडतच नाहीत. सल्फाइट पद्धतीने (गंधकाच्या क्षारांत लाकूड शिजवून) लगदा करतात, सेल्युलोज वेगळा विकतात. लिग्निनचं लिग्नोसल्फोनेट होतं, ते काँक्रीटमध्ये जातं. त्याच लिग्निनमधून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा स्वाद, हेही काढतात. उरलेल्या पाण्यात हेमिसेल्युलोजच्या साखरा असतात, बहुतेक मॅनोज, त्या आंबवून इथेनॉल. स्वीडनने हीच युक्ती १९०९ पासून वापरली होती.

माझं मत स्पष्ट आहे. लाकडातून फक्त इथेनॉल काढायला निघालेला बुडतो. लाकडाच्या तिन्ही घटकांना गिऱ्हाईक शोधणारा टिकतो.

हिशेबी

टिकतो, पण किती देतो? तिथून वर्षाला २ कोटी लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. व्हॅनिलिन आणि काँक्रीटच्या मिश्रणांना लागून लागून किती गिऱ्हाईक लागणार? असे पन्नास कारखाने झाले तर लिग्नोसल्फोनेटचा भाव पडेल आणि इंधनाचा प्रश्न तिथेच राहील. तुमचं उदाहरण धंद्याचं म्हणून चांगलं, इंधनाचं म्हणून नाही.

जुनी_भट्टी

मी कुठे म्हटलं की जगाच्या सगळ्या गाड्या त्यावर चालतील? मला वाटतं तसं होणारही नाही. ज्या थोड्या जागी दुसरा पर्याय नाही तिथे ते जावं.

वाफेचा_कोंडमारा

तिसरी वाट राहिली. लाकूड उघडायचंच नाही, कमी हवेत तापवून सगळ्याचा वायू करायचा, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. मग क्लोस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंना तो वायू खाऊ घालायचा, ते इथेनॉल देतात. लिग्निनसकट सगळा कार्बन कामी येतो हा मोठा फायदा. फ्लोरिडातल्या व्हेरो बीचला हे २०१३ मध्ये मोठ्या प्रमाणावर करून बघितलं, पण वायूतल्या हायड्रोजन सायनाइडने जिवाणूंना त्रास दिला आणि २०१६ मध्ये गुंडाळलं. शिवाय कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणजे जिवाणू उपाशी आणि वायू बुडबुडे होऊन वर. मला तरी लाकडासाठी पुढेमागे हीच वाट जास्त भरवशाची वाटते. बुरशीताई रागावणार.

बुरशीप्रेमी

रागावले नाही, वाईट वाटलं इतकंच. 😀

भुसा_भरपूर

सगळ्यांचे आभार. दहावीच्या मुलांना यातलं काही हाताने करून दाखवता येईल का? अ‍ॅसिड नाही, दाब नाही, गाळणं नाही.

बुरशीप्रेमी

येईल. कागद घ्या, लाकूड नको. कागद म्हणजे उघडलेलंच लाकूड. प्रयोगशाळेतला गाळण कागद, जुनं वर्तमानपत्र आणि छपाईचा पांढरा कागद, तिन्हींचे बारीक तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत घाला. कापडधंद्यात वापरतात तो सेल्युलेज घाला, पाणी ५० अंश, पीएच ४.८ ते ५. दर काही तासांनी ग्लुकोज तपासायच्या पट्टीने बघा. गाळण कागद विरघळत जाईल आणि पट्टीचा रंग आधी बदलेल. वर्तमानपत्र मागे पडेल, कारण त्यात लिग्निन शिल्लक असतं. मुलांना लिग्निन म्हणजे काय ते तिथेच कळतं.

पांढऱ्या कागदात खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरलेला असतो. तो पीएच वर चढवतो आणि एन्झाइम बसून राहतं. तो कागद आधी व्हिनेगरमध्ये भिजवा, बुडबुडे यायचे थांबले की धुऊन घ्या. नंतर बाटली ३० अंशांवर आणून चिमूटभर यीस्ट घालायचं असेल तर तोंडाला फुगा लावा, बूच नको.